तंजावरची राजाराणी

रत्नागिरी,
आश्विन वद्य तृतीया, शके १८५६

प्रिय मालिनी,

तुझ्या वडिलांचं पत्र घटस्थापनेच्या आधी आलं. मुलीला रत्नागिरीस परत पाठवावं की नाही, एवढंच त्यांनी विचारलं आहे. तुझ्या मामंजींनी ते वाचलं, माझ्या हातात दिलं आणि नारळ उतरवून घ्यायचे आहेत म्हणून आगरात निघून गेले. तेव्हा उत्तर मी लिहिते आहे, आणि ते तुझ्या वडिलांना नव्हे, तुला. येणारी किंवा न येणारी तू आहेस.

इकडे सर्व ठीक आहे. पाऊस गेला, बोटी सुरू झाल्या. भास्करचा दवाखाना चालतो. तू चैत्रात भावाच्या लग्नाला गेलीस ती राहिलीसच. पत्र का लिहीत नाहीस म्हणून त्याला विचारलं तर म्हणाला, "ती रागावून गेल्येय, मी काय लिहू?" मी म्हटलं, "कुठे दुखतंय ते आधी विचारावं लागतं, एवढं तरी मद्रासला शिकवलं असेल ना?" त्यावर उठून गेला. बापाच्या वळणावर गेला आहे.

शाळेत सध्या वरच्या वर्गाला युरोपचा इतिहास चालू आहे. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी थिओफानो या राजकन्येचा धडा घेतला. मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या वर्गात मुली दोनच, पहिल्या बाकावर अंग चोरून बसायचो. प्रोफेसरांनी तिला दोन वाक्यांत संपवलं, कारण तिने लढाई केली नव्हती. मी मग ग्रंथालयात बसून बाकीचं वाचलं. हजारएक वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलहून ही मुलगी जर्मनांच्या बादशहाची सून म्हणून आली. आली तेव्हा दरबारी लोक म्हणाले, आपण मागितलेली राजकन्या ही नव्हे, हिला परत पाठवा. सासऱ्याने ऐकलं नाही. तिने येताना रेशीम आणलं, तिकडची कारागिरी आणली, दरबारात बसण्या-उठण्याच्या रीती आणल्या. ती नेमाने स्नान करते याचीसुद्धा लोकांनी निंदा केली असं सांगतात. पुढे नवरा गेला, मुलगा लहान, आणि ज्या राज्यातून तिला परत पाठवायला निघाले होते ते तिनेच सांभाळलं.

पालीहून शिकायला येऊन राहिलेली गोदा म्हणून एक मुलगी आहे. तिने विचारलं, "बाई, तिची सासू कशी होती?" मी म्हटलं, दोघींचं पटत नसे असं लिहिलेलं आहे. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या घरासारखंच हो." वर्ग हसला. मी पुढचा धडा काढायला सांगितला, पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत आलं.

आपल्याकडेही ठरलेली मुलगी गुहागरची होती, हे तुला कोणीतरी सांगितलं असेलच. भास्कर डॉक्टर होऊन आला तो तुझं नाव घेऊनच. तुझ्या पेटीत रक्तचंदनाची ती राजाराणी निघाली तेव्हा यमुनावन्सं म्हणाल्या होत्या, "सून आणली की खेळायला पोर आणली?" तुमच्याकडे मुलीला लग्नात ही जोडी देतात, नवरात्रात पायऱ्या मांडून तिच्याभोवती बाकीच्या बाहुल्या बसवतात, त्याला कोलू म्हणतात, दर वर्षी एक नवी बाहुली घालावी लागते, हे सगळं तू नीट सांगितलं होतंस. गेल्या नवरात्रात मांडलंसही. अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकायला आलेल्या बायका त्या पायऱ्यांकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संनी बाहुल्या माळ्यावर चढवल्या आणि पुढच्या वर्षी हे नको म्हणून सांगितलं. त्यानंतर या घरात तू कामापुरतंच बोललीस.

गोदाच्या त्या वाक्यानंतर मी माळ्यावर चढले. गुडघे दुखतात, तरी चढले. बाहुल्या तू सुती लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळल्या होत्यास, एकीलाही कसर लागली नव्हती. केरू सुताराला बोलावून पायऱ्या करायला सांगितल्या. पायऱ्या विषम लागतात एवढं मला आठवत होतं. पाच की सात यावर मामंजी आणि वन्सं यांचं भांडण जुंपलं, आणि केरू करवत हातात घेऊन सुपारी कातरत असल्यासारखा शांत बसून राहिला. शेवटी सात केल्या. चुकलं असेल तर येऊन सांग.

नव्या बाहुलीचं मामंजींनी मनावर घेतलं. गणपती करणाऱ्या विठूकडून त्यांनी एक खारवीण करवून आणली, कासोटा घातलेली, डोक्यावर टोपली घेतलेली. वन्सं संतापल्या. "देवांच्या पंगतीत मासळी?" मामंजी म्हणाले, "अगो, टोपलीत बघ तरी. रिकामी आहे. मासे विकून घरी निघाल्येय ती." ती खालच्या पायरीवर आहे, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी सगळ्यात जास्त तिलाच पाहिलं. हसल्या काही जणी. मी त्यांना हरभऱ्याची उसळ दिली, तुझ्यासारखी, वरून ओलं खोबरं घालून, आणि हे आमच्या सुनेच्या घरचं आहे म्हणून सांगितलं. मग हसणं थांबलं. माझ्यासमोर फार वेळ कोणी हसत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

भास्कर बाहुल्यांकडे फिरकत नव्हता. एकदा मात्र दवाखान्यातून आला तो थेट माजघरात गेला. राजाची पगडी सुटली होती, ती तो बांधत बसला. जमत नव्हती. जखमेची पट्टी बांधतात तशी बांधून ठेवली आहे.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर मी आवरायला घेतलं. राणीला हात लावला तोच वन्सं मागून म्हणाल्या, "थांब. न निजवता कशी काढत्येस? ती पोर आधी निजवायची एकीला. मी पाह्यलं होतं गेल्या वर्षी. काहीतरी म्हणायची पण." कोणाला निजवायची, राजाला की राणीला, आणि काय म्हणायची, ते वन्संना सांगता येईना. मामंजींना माहीत नाही. भास्करलाही विचारलं. तो म्हणाला, "मी कधी विचारलंच नाही." मग तिथेच खाली बसला.

तेव्हा बाहुल्या अजून उभ्या आहेत. कोजागिरी झाली तरी उभ्या आहेत. दिवाळीला माजघरात पाट मांडायला जागा नाही. कोणी विचारलं तर वन्संच सांगतात की सून आल्याशिवाय हलवायच्या नाहीत. मला इतर कामं आहेत, आणि तुझं गाणं अंदाजाने म्हणणं मला जमणार नाही. भास्कर शनिवारच्या मोटारीने पालीवरून कोल्हापूरला जाईल, तिथून पुढे तंजावरला. यायचं नसेल तर त्याला तोंडावर सांग, तो ऐकून घेईल. यायचं असेल तर राजाची पगडी कशी बांधायची ते आधी त्याला शिकव. वडिलांना सांग, त्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर इतकंच आहे. आणि तू आलीस तेव्हा मला ज्या नावाने हाक मारायचीस आणि मी "आई म्हण" म्हणून दुरुस्त करायचे, ते नाव या घरात आता चालेल.

तुझीच,
अम्मा