मुदपाकखान्याची खिडकी

मासळीबाजार, पॅरिस
९ ऑक्टोबर १७८९

ती. फिरमँदादास,
पेरीनचा सा. न. वि. वि.

राजाच्या एका शब्दाने पाव मिळणार होता, तर तो शब्द त्याने आधीच का उच्चारला नाही? व्हर्सायहून परत येताना आईने मला हे विचारलं. घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली, मठातल्या बायांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून मला.  

सोमवारी बाजारातल्या सगळ्या बायका पाव मागायला व्हर्सायला राजाच्या वाड्यावर निघाल्या. कुणी सुरे घेतले, कुणी तोफ ओढली. आईने पेटीतून काळ्या रेशमाचा झगा काढला! मी म्हटलं, अगं आई, आपण भांडायला चाललोय. ती म्हणाली की बाजाराची बाई राजाच्या दारी काळ्या रेशमातच जाते, भांडायचं असलं तरी. धाकटा राजपुत्र झाला तेव्हा हाच झगा घालून ती राणीचं अभिनंदन करून आली होती. भाषण मी लिहिलं होतं, तिने पाठ केलं होतं. सोमवारी पावसात रेशीम अंगाला चिकटलं, पाय चिखलात रुतत होते, दोन दिवसांची उपाशी ही बाई चालता चालता तेच जुनं भाषण पुटपुटत होती. मला इतका संताप आला की मी पुढे निघून गेले.

आणि मग तू. तू राजाच्या स्वयंपाकात कामाला, म्हणून राजवाड्यामागचं मुदपाकखान्याचं दार मी शोधून काढलं. आतून मांस भाजल्याचा वास येत होता. तू आम्हाला पाहिलंस. आईने हाक मारली, फिरमँ, अरे मी आहे रे. आणि तू दार लावून घेतलंस. सख्ख्या आईच्या तोंडावर! थोड्या वेळाने वरच्या खिडकीतून कुणीतरी दोरीने टोपली खाली सोडली. आत गरम पाव. चेहरा दिसला नाही. आईने पाव कपाळाला लावला आणि म्हणाली, बघ, राजाला कळलं. मी त्याचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही.

आता राजालाच आम्ही पॅरिसला आणलंय. पाव भाजणारा भटारी आणला, भटारीण आणली, असं राजा-राणीला उद्देशून बायका वाटभर ओरडत होत्या. त्याच्यामागून तूही आला असशील. घरी येऊ नकोस. लिही. लोभ मागत नाही, दार का लावलंस तेवढं सांग.

पेरीन


त्विलरी राजवाडा, पॅरिस
१४ ऑक्टोबर १७८९

चि. पेरीन पंडितीण यांस,
अनेक आशीर्वाद.

हाकेच्या अंतरावर राहून पत्रं लिहायची, ही तऱ्हा तुझीच. मठवाल्यांनी तुला अक्षरं शिकवली, तू मला शिकवलीस. ती मला झापायला वापरली जाणार हे ठाऊक असतं तर मी अडाणीच राहिलो असतो.

दार मी लावलं. मागे कारभारी उभा होता. उघडलंस तर तूही बाहेर, असं म्हणाला. मी घाबरलो. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

पाव राजाने पाठवला नव्हता. राजाला त्या पावाचा पत्तासुद्धा नाही. तो आमच्या मुदपाकखान्यातल्या म्हाताऱ्या अन्सेल्मकाकांनी सोडला. ज्यांनी मला मांस भाजायची शीग फिरवायला शिकवलं, तेच. टोपली वर ओढून घेतल्यावर माझ्या डोक्यात टपली मारून म्हणाले, गाढवा, कारभारी बदलतात, आई बदलून मिळत नाही. 

आईला यातलं सांगू नकोस. राजाने पाव दिला असं तिला वाटतं, तर वाटू दे. म्हातारीला तेवढं सुख पुरे.

तू मागितला नाहीस तरी लोभ पाठवतो. ठेवून घे.

फिरमँ


मासळीबाजार, पॅरिस
२१ जुलै १७९१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी आईला सांगितलं.

तुझा राजा नोकराचा वेष करून पळाला, सरहद्दीच्या अलीकडे धरला गेला, तरी आईचं एकच पालुपद, काही म्हणा, त्या दिवशी त्यानेच पाव दिला. रविवारी राजा नको असं म्हणणारे लोक अर्जावर सह्या करायला मैदानात जमले. शेजारच्या ठेल्यावरची ओदिलमावशी गेली होती. तिला नुसती फुली मारायची होती रे. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. मावशीचं प्रेत फळीवरून घरी आणलं. तिच्या उशाशी बसूनसुद्धा आई म्हणाली, राजाला ठाऊक नसणार. तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. पाव कुणी सोडला होता ते सांगून टाकलं.

 संध्याकाळी तिने ठेल्यावरची राजाची तसबीर उतरवली आणि तिच्यावर मासे साफ केले. झगा मात्र पेटीतच आहे.

दादा, ती नोकरी सोड. एक दिवस लोक त्या वाड्यावर चालून जाणार, आणि त्यांच्यात मी असेन. तेव्हा तू आत असावास असं मला वाटत नाही. लोभ आहे म्हणूनच एवढं कडू लिहिलं.

पेरीन


त्विलरी राजवाडा
७ ऑगस्ट १७९२

चि. पेरीनास,
आशीर्वाद.

शहरात काय शिजतंय ते आम्हाला वासाने कळतं. राजाच्या पहाऱ्याचे स्विस शिपाई जिन्यात झोपतात. राजाला उतरवा, नाहीतर आम्ही उतरवतो, अशी तुझ्या लोकांनी लोकप्रतिनिधींच्या सभेला मुदत दिलीय म्हणे.

मी येत नाही. अन्सेल्मकाका सत्तरीला आले, गुडघे गेले, त्यांना दुसरं घर नाही. एकदा आईच्या तोंडावर दार लावलं, आता काकांच्या तोंडावर लावणार नाही. ते म्हणतात की आपण राजाचे नाही, चुलीचे. आणि आचाऱ्यावर कोण हात टाकणार?

आईला जप. लोभ करणाऱ्या तुम्ही दोघीच, तो आटू देऊ नका.

फिरमँ


मासळीबाजार, पॅरिस
१२ ऑगस्ट १७९२

ती. दादास, मुक्काम दिएप,
सा. न. वि. वि.

आई इथे घरीच ठणठणीत आहे. आजारी नव्हतीच. समुद्रकाठच्या दिएपला पोचून तू आपल्या मामाला तिची खोली विचारली असशील, आणि मामाने तुला वेड्यात काढलं असेल.

९ तारखेला तिचा झगा घालून, हातात फुलं घेऊन मी फाटकाशी गेले. बाजाराची बाई राजाला शुभेच्छा द्यायला आली म्हणून पहारेकऱ्याने जुन्या रिवाजाने आत सोडलं. आई मामाकडे मरायला टेकलीय असं तुला रडून सांगितलं आणि दिएपला परतणाऱ्या मासळीच्या गाडीत बसवून दिलं. काकांचाही हात धरून ओढला. ते म्हणाले, पोरी, तुझ्या गाडीचे हादरे या गुडघ्यांना झेपायचे नाहीत, आणि उद्याचं जेवण कोण बघणार?

त्या रात्री उठावाच्या घंटा वाजल्या. सकाळी वस्तीबरोबर मीही गेले. राजा नको, असं घसा फुटेपर्यंत ओरडले, आणि त्यातला एक शब्द मागे घेत नाही. तेवढ्यात राजा कुटुंबाला घेऊन बाग ओलांडून सभागृहात आसऱ्याला निघून गेला होता. मागे राहिलेल्यांनी काय करायचं, हे चुलीपाशी कुणी सांगायला आलं नाही. मग वाड्यातून गोळ्या सुटल्या. अंगणात आमची माणसं पडली. उरलेले आत घुसले ते दिसेल त्याला मारत सुटले. राजाचं अन्न रांधतात, एवढाच आचाऱ्यांचा गुन्हा. सभेने राजाचा अधिकार काढून घेतल्याची बातमी आली तेव्हा रस्त्यात लोक मिठ्या मारत होते. मी मुदपाकखान्यात होते.

काका चुलीसमोरच होते दादा. अंगावरचे कपडेसुद्धा लोकांनी ओढून नेले होते. आमच्यातलाच एकजण दारूची बाटली हलवत हसला, म्हणाला, राजाचा बल्लव आज स्वतःच भाजला. मी त्याच्या थोबाडीत मारली. तो ओरडला, तू कुणाच्या बाजूची गं? मी म्हटलं, तुझ्याच बाजूची आहे, म्हणून मारली.

प्रेतांच्या गाड्या येत होत्या. मी घरी धावले, पेटीतून झगा काढला, परत येऊन काकांवर घातला. आईला विचारलं नाही. रात्री तिने पेटी उघडली, रिकामी पाहिली. मी सगळं सांगितलं. तिने पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली की तो झगा तोकडा होता, माणसाचे पाय उघडे तर नाही ना राहिले?

नाही राहिले. मासे कापायच्या सुरीने सगळ्या शिवणी उसवल्या आणि आडवा पसरला. पायांपर्यंत पुरला.

माझ्यावर लोभ उरला असेल तर लिही, नसला तरी लिही.

पेरीन