राजरत्नचा दुसरा बाप्तिस्मा

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
"तो बाप्तिस्मा नव्हताच, आई!" राजरत्न जेवता जेवता म्हणाला. माझाच मुलगा! तान्हा होता तेव्हा कल्याणच्या आमच्या लुथरन मंडळीत पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. मी त्याला धरलेलं. शेजारी हे रडत होते. आज हे नाहीत, बरंच आहे.

"मला काय कळत होतं तेव्हा? मी कुठे विश्वास ठेवलेला?"

घोडबंदर रोडला राहायला गेल्यापासून एका नव्या प्रार्थनासभेत जातो. तिथे मोठ्यांनाच देतात, तेही आख्खं बुडवून. म्हटलं, "अरे, तू देवाला नाही धरलंस, देवाने तुला धरलं. सगळं त्यातच आलं!" हसला नुसता. सून कल्पिता भात कालवत राहिली. चौथा लागलाय तिला.

१२ फेब्रुवारी
पाळकसाहेबांना विचारलं. "बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही, बाई. आणि पहिला पुसलाही जात नाही. भांडू नका त्याच्याशी."
भांडू नका! सगळे मलाच सांगतात.

रविवार, २३ फेब्रुवारी
आज आंबिवलीला, कुणाच्या तरी फार्महाउसवर उरकलं. मला बोलावलेलं. गेले नाही. व्हिडिओ आला — सिंटेक्सच्या टाकीतून निथळत वर येतोय, लोक टाळ्या वाजवतायत. खाली लिहिलंय, "आज माझा खरा जन्म."
मग मी काय केलेलं? पोटावरचा व्रण दाखवू?

२० एप्रिल, ईस्टर
आला नाही. उपासनेनंतर मंडळीतल्या मालनने विचारलंच, "मुलगा कुठेय?" म्हटलं, माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलाय. ईस्टरच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर खोटं!

रविवार, ११ मे
त्यांच्याकडे गेलेले. राजरत्नला बाळाच्या बाप्तिस्म्याचं विचारलं. "मोठं झालं की त्याचं ते ठरवेल."
"मग नावही तेव्हाच ठेवा! आणि भूक लागलीय हे नीट सांगता येईपर्यंत दूधही पाजू नका!"
कल्पिताच्या डोळ्यांत पाणी. चहा न घेता निघाले. कुणी थांबवलं नाही.

१९ मे
कल्पिताला सातव्यातच... मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय. राजरत्न फोनवर धड बोललाही नाही. जाऊ? बोलावलं नाही. मी का जाऊ?

२१ मे
त्याचाच फोन. "आई, डॉक्टर म्हणतात ती वाचणार नाही. आमच्या सभेत लहानांना बाप्तिस्मा देत नाहीत. मी विचारलं गं. प्रार्थना करू म्हणाले. तू ये ना."

रिक्षातूनच पाळकसाहेबांना फोन लावला. ते नगरला! म्हणाले, "माझी वाट बघू नका. अशा वेळी कुणाही ख्रिस्ती माणसाला देता येतो. तुम्ही द्या."

नर्सने वाटीत पाणी दिलं. माझ्या बोटापेक्षा तिचा हात बारीक. "नाव?" मी विचारलं. कल्पिता म्हणाली, "रूथ."
"रूथ, मी पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने तुझा बाप्तिस्मा करते." तीन थेंब. जास्त घालायची भीती वाटली.

संध्याकाळी गेली. मोठं होऊन ठरवायला राहिलीच नाही. म्हणजे माझंच खरं ठरलं. आग लागो त्या खरं ठरण्याला!

२२ मे
पुरून आलो. त्याच्या सभेतली एक बाई समजूत घालत होती, "इतक्या लहानाला बाप्तिस्म्याची गरजच नसते हो."
राजरत्न म्हणाला, "झालाय तिचा. तान्हा असताना माझा झाला होता, तसाच."