आईच्या फॉर्मवरची खूण

नागपूर, मंगळवार

सुनंदाताईस धाकट्या धनंजयचा नमस्कार.

आईच्या फुप्फुसावर किरणांचे दहा शेक झाले. ती दोन वेळा जेवते, काळजी करू नकोस.

पण आज माझा संताप झाला आहे. इथे रुग्णांच्या सवयींची पाहणी चालू आहे, फॉर्म भरून घेतात. आईने तंबाखू कधीच खाल्ला-ओढला नाही असे सांगितले, तर फॉर्म लिहिणारा हसला. "सगळ्याच बाया असं म्हणतात," म्हणत त्याने 'होय'वर खूण केली. चाळीस वर्षे तिने कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या चुलीचा धूर गिळला, त्याला फॉर्मवर रकानाही नाही! मी भांडून ती खूण खोडायला लावली.

खरे सांगतो, भांडायच्या आधी, आई यंत्राखाली असताना तंबाखूची पुडी आहे का म्हणून मी तिची पिशवी सोडून चाचपली होती. बडीशेप आणि तुझ्या निकिताचा फोटो, एवढेच निघाले.

ती बाहेर आल्यावर मी तिला भांडणाचे सांगितले, पिशवीचे नाही. ती म्हणाली, "त्याचं सोड. माह्या पिशवीची गाठ आज उलटी कोनं बांधली रे?"



ताई, मुकुटबनला तू अजून चुलीवरच भाकरी करतेस का?

तुझा,
धनू