हात माझे, डोकं ह्यांचं

१७ एप्रिल

पंप पाणी ओढेना! सकाळी सहापासून नुसता घों घों करतोय आणि नळाला थेंब नाही. शेडमध्ये सहाशे कोंबड्या, वर तापणारा पत्रा, टाकी तळाला गेलेली. आणि हे? हे आपले झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले!

म्हणे, "आधी ऐक. मग बघ. मग हात लाव."

ऐकू काय, कपाळ! "काय झालंय ते सरळ सांगा ना," म्हटलं, तर म्हणाले, "मला काय ठाऊक? आणि ठाऊक असून तरी काय? हे हात बघ." मांडीवर ठेवलेला उजवा हात आपला आपण थरथरत असतो, त्याच्याकडे ते परक्यासारखं बघतात.

शेवटी ऐकलं. आवाज पोकळ येत होता. म्हणजे पाण्याऐवजी हवा ओढतोय. मग विहिरीकडच्या पाइपाला इंच इंच हात लावत गेले. एक क्लिप सैल निघाली. आवळली, नरसाळ्यानं पंपात पाणी भरलं, बटण दाबलं — आलं पाणी! माझ्या कपाळाला ग्रीस, नखांत ग्रीस. ह्यांनी घड्याळ बघितलं.

"दोन तास दहा मिनिटं."

शाबासकी राहिली बाजूलाच.

१९ एप्रिल

मुलाचा फोन. "आई, किती दिवस ओढणार हे? बाबांना आता होत नाही, आणि तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही." जूनच्या पहिल्या रविवारी येतो म्हणाला, तेव्हा काय ते ठरवू. ठरवू म्हणजे विकू. आम्हांला त्याच्या फ्लॅटमधली मागची खोली. सूनबाई चांगली आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मागे चार दिवस राहिलो तर हे घरभर गळका नळ शोधत फिरत होते. एकही गळत नव्हता. चौथ्या दिवशी बाल्कनीत बसून रडले. मला बघून म्हणाले, डोळ्यांत काहीतरी गेलं.

डॉक्टरांनी गेल्या वर्षी स्पष्ट सांगितलंय, हा कंपवात वाढत जाणार. आधी बटणं, मग चमचा, मग चालणं. ह्यांनी एवढंच विचारलं होतं, "आणि पाना?"

तर गोष्ट सरळ आहे. जूनपर्यंत इथली यंत्रं माझ्या हातानं चालली पाहिजेत. चालली तर राहू. नाहीतर कुलूप.

२४ एप्रिल

शेडमध्ये धुकं मारणारे फवारे तुंबले. आमचं पाणी जड, भोकांत पांढरं धरतं. चाळीसच्या चाळीस काढले, व्हिनेगरमध्ये बुडवले, सुईनं एकेक मोकळा केला. पाठीचा काटा ढिला झाला. हे शेजारी बसून मोजत होते. मध्येच म्हणाले, "एकोणचाळीस." एक पायाखाली सापडला. डोकं शाबूत आहे, तेवढं तरी देवानं ठेवलंय.

२ मे

वीज गेली दुपारी एकला. जनरेटर सुरू होईना. दोरी ओढून ओढून खांदा उतरला. एरवी दुसऱ्या झटक्याला गुरगुरणारं ते धूड आज मेल्यासारखं पडून!

"डिझेल बघितलंस?" नाही म्हटलं, हा पेट्रोलवर चालतो! "बरं, लक्ष आहे तुझं," म्हणाले. म्हणजे परीक्षा चाललीय माझी! कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतायत आणि ह्यांना विनोद सुचतायत!

चाळीस मिनिटांनी सापडलं. स्पार्क प्लगची टोपी नुसती टेकवल्यासारखी होती, आत बसलेलीच नव्हती. म्हटलं, ही निघाली कशी?

"उंदीर असेल," म्हणाले.

५ मे

त्रेचाळीस. पत्र्यावर हात ठेवला तर फोड येईल. पोती भिजवून टाकते, अर्ध्या तासात कडकडीत वाळतात.

९ मे

मोठ्या पंख्याचा पट्टा घसरला. पॅनेल उघडून वीज तोडली, बोल्ट ढिला केला, पट्टा चढवला, ताण बघितला, आवळलं. पंचवीस मिनिटं! ह्यांनी एक शब्द सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

हे हसले. मोठ्यानं, पूर्वीसारखे. "आता लाव मुलाला फोन. सांग, तुझ्या आईनं पंखा केला." मी म्हटलं, जून येऊ द्या, तोंडावर सांगेन. रात्रीच्या जेवणाला चमच्यातलं सांडलं तरी चिडले नाहीत.

१२ मे

भांडण. मीच केलं. अठ्ठावन्न वर्षांची आहे मी, दुपारच्या उन्हात तोंडाला फेस येतो, घरात आले तर स्वयंपाक वाट बघत असतो. "उठसूट काहीतरी मोडतंय! इतकी वर्षं नाही मोडलं, आताच बरं मोडतंय!" असं ओरडले. हे उठून आत गेले. नंतर शर्टाचं वरचं बटण लावत बसले होते. दहा मिनिटं बघत राहिले मी दारातून. मग आत जाऊन लावून दिलं.

१६ मे

लिहवत नाही. पण लिहून टाकते.

ह्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. हे अंघोळीला गेले होते, म्हटलं न सांगताच पटकन जाऊन येऊ, ऊन वाढायच्या आत. औषधाच्या दुकानात रांग. त्यात एका गोळीसाठी दुसऱ्या दुकानात पिटाळलं. परत यायला दीड वाजला. फोन स्कूटरच्या डिकीत. फाटकाशी आल्यावर बघितलं — ह्यांचे अकरा मिस्ड कॉल.

आणि आवाज नाही! पंख्यांची घरघर बारा महिने कानांत असते, ती नव्हती. स्कूटर तिथेच टाकून धावले.

शेडच्या दाराशी पॅनेल उघडं. हे समोर उभे, काठी खाली पडलेली, हातात स्क्रूड्रायव्हर. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, बोटं सोलवटलेली. वायरचं टोक स्क्रूखाली सरकवायला बघतायत आणि ते दरवेळी बाहेर येतंय. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसत नाही गं. बसतच नाही."

मेन स्विच त्यांनी बंद ठेवलाच होता. मी वायर घेतली, बसवली, स्क्रू आवळला, मेन चालू केला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. पंखे फिरले, फवारे सुटले.

पण खाली बघवेना. भिंतीच्या कडेला एकमेकींवर पडलेल्या, पंख पसरलेल्या. काही अजून धापा टाकत होत्या.

मी ह्यांना धरून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. म्हटलं, "तुम्ही तरी होतात. ह्या हातांनी किती वेळ झगडलात!" ते शेडकडे बघत राहिले.

१७ मे

तीनशे एकाहत्तर. पलीकडच्या वहिनींचे मालक यंत्र घेऊन आले, खड्डा खणून दिला. मी आणि वहिनी पोत्यांत भरत होतो. वहिनी म्हणाल्या, "मला नाही का फोन करायचा? पाच मिनिटांत आले असते की." मी ह्यांना विचारलं, का नाही केलात? सुचलं नाही म्हणाले. ह्यांना आणि सुचलं नाही!

खड्ड्यात टाकलेल्या चुन्यानं हात भाजलेत.

१८ मे

कालपासून एकच डोक्यात. नऊ तारखेला पट्टा चढवताना पॅनेल मीच उघडलं होतं. तीच वायर मी काढली असणार आणि नीट आवळली नसणार. काय ती ऐट, पंचवीस मिनिटांची! माझ्या फुशारकीपायी मुकी जनावरं गेली.

मुलाला फोन केला. म्हटलं, तुझं खरं आहे, मला जमणार नाही. जूनची वाट कशाला, गिऱ्हाईक बघायला लाग. तो हळूच म्हणाला, "आई, रडू नकोस." मी रडत नव्हते. म्हणजे रडतच होते.

हे आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते.

१९ मे

जेवले नाहीत. चहाही तसाच. विचारलं तर भिंतीकडे तोंड.

२० मे

उरलेल्या कोंबड्या अंडी घालीनाशा झाल्यात. मुलाचा निरोप, एक माणूस रविवारी जागा बघायला येतोय. ह्यांना सांगितलं. "तुझी चूक नाही ती," एवढंच म्हणाले. म्हटलं, तुम्ही मला नका समजावू. मी माझ्या हातानं उघडलं होतं ते.

२१ मे

सकाळी चहा ठेवला तेव्हा म्हणाले, बस. बसले.

क्लिप त्यांनी सैल केली होती. प्लगची टोपी त्यांनी काढली होती. पट्टाही त्यांचाच. मी शिकावं म्हणून, मुलगा यायच्या आत. पॅनेलची वायर शेवटची. "तू घरात आहेस असंच वाटलं मला. दहा मिनिटांत शोधून काढशील म्हणून हाक मारायला आलो, तर स्कूटर नाही."

मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले,

"सैल करायला हात चालले गं. परत आवळायला नाही चालले."

वहिनींना फोन का केला नाही, ते आता विचारायला नको.

मी उठले. घरातले, शेडमधले, विहिरीवरचे सगळे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर गोळा केले, माझ्या कपाटात टाकले आणि कुलूप लावलं. ते बघत होते.

म्हणाले, "बरं केलंस."