हिरवं स्टिकर

पलासिया, इंदूर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय निशांतदादा,

नमस्कार. फोन सोडून हिला पत्र कुठून सुचलं, म्हणशील. फोनवर तू माझ्या आवाजावरून सगळं लगेच ओळखतोस, म्हणून. अमितावहिनी कशी आहे? इथे बाबा शुगर विसरून सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खाऊन येतात आणि आईला सांगतात, मंदिरात गेलो होतो.

माझं पोस्टडॉकचं दुसरं वर्ष. रक्तातल्या डीएनएवरच्या खुणा वाचून कॅन्सर आधीच ओळखता येतो का, ते शिकते आहे. दिवाळीत तुलनेला निरोगी माणसं कमी पडली, त्यांना आम्ही 'कंट्रोल' म्हणतो, तर तू बाही सारून बसलास. बाबा म्हणाले, "अरे भिया, कंट्रोलचा माल म्हणजे राशनचा! खडे निवडून घे, सुमी." मी एवढी हसले की तुझ्या रक्ताच्या नळीवर निरोगींचं हिरवं स्टिकर तिरकं चिकटलं. नंबर पाहिलाही नाही. कोणाचा कोणता, ती यादी आमच्या लॅबच्या मॅडमकडे असते.

मंगळवारी निकाल आले. हिरव्यांतला सदतीस नंबर रुग्णांच्या गटात जाऊन बसला होता. चूक असेल म्हणून नळी काढायला फ्रीजर उघडला. स्टिकर तिरकं होतं.

तीनदा परत करून पाहिलं, दादा. तेच.

मॅडमना कोणाची नळी ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "टेस्ट अभी कच्चा है, किसी को डराना मत. फॉर्म में लिखा है ना?" लिहिलंय. 'निकाल कळवला जाणार नाही.' ते वाक्य मराठीत मीच केलं, आणि तुला वाचूनही मीच दाखवलं. तू म्हणालास, "बस, कुठे सही करू ते बोल."

खोटंही असेल. खरं असेल तर शरीरात कुठे शोधायचं, तेही यातून कळत नाही. एवढी शिकले आणि तुझ्यासाठी मला काहीच करता येत नाही. नुसती भीती वाटते.

हे पत्र लिहून मी नियम मोडला आहे. पत्र मिळताच डॉक्टरकडे जा, सगळ्या तपासण्या करून घे. बाबांना कळू देऊ नकोस. मला फोन करून "काही नाही ना, सुमी?" असं विचारू नकोस. मी "नाही" म्हणेन.

तुझ्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने 'निरोगी' लिहिणारी,
सुमेधा