पाचही घरी लग्न

मुरबाड,
शिमग्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप दादाच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (नेहाला रिंगमध्ये उडी मारून बॉल कसा टाकायचा हे दाखवताना तुझा उजवा गुडघा सुजला, असं वहिनींनी कळवलं. तेव्हा तूर्त नमस्कार डाव्या चरणी समजावा. या वयात उड्या मारू नयेत हे मी धाकटा असल्यामुळे सांगू शकत नाही, म्हणून कंसात लिहितो आहे.) वहिनींना नमस्कार, चि. नेहाला आशीर्वाद, तिचे पेपर कसे गेले ते सविस्तर कळव. आमच्याकडे सगळे ठीक. दर्शना शाळेच्या परीक्षांत बुडालेली आहे, म्हणजे बायको असूनही ती मला फक्त सकाळी दिसते. आई उत्तम आहे. दिवसातून दोनदा नीट जेवते आणि तीनदा माझ्यावर चिडते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलो की आई स्वयंपाकघरातून उत्तरं देते, आणि ती माझ्या प्रश्नांना नसून तुझ्या प्रश्नांना असतात. या वेळी मला तुझ्याशी एकट्याने बोलायचं आहे.

विषय अर्थातच बास्केटबॉल. अर्थशास्त्राचा मास्तर बास्केटबॉलच्या नादी कसा लागला, हे तुला ठाऊक आहेच. आमचे क्रीडाशिक्षक दुसरीकडे गेले, प्राचार्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती सर्वांत उंच डोक्यावर येऊन थांबली. एवढीच माझी पात्रता. त्यातही माझी उंची आजवर फक्त पंख्याचा कॅपॅसिटर बदलायला उपयोगी पडली आहे. पण त्याच प्राचार्यांनी दिवाळीनंतर फर्मान काढलं, की यंदा आंतरमहाविद्यालयीन चषकाची फायनल गाठली तर ठीक, नाहीतर गुढीपाडव्यानंतर दोन्ही खांब उपटून तिथे स्टाफच्या दुचाक्यांसाठी शेड घालू. दादा, ते मैदान म्हणजे काय, तर भेगा गेलेलं सिमेंट आणि एक वाकडी रिंग. पण धसईच्या पलीकडच्या पाड्यावरून पाच पोरं डोंगर उतरून येतात, लेक्चरं कशीबशी संपवतात आणि शेवटच्या एसटीपर्यंत तिथे खेळतात. त्यांना दुसरं मैदान नाही. माझी स्कूटर तिथे सावलीत उभी राहणार या कल्पनेनेच मला झोप लागेनाशी झाली.

पोरं चपळ आहेत, दमत नाहीत, बॉल हातातून सुटत नाही. तरी डिसेंबरपासून आम्ही हरत होतो. का हरत होतो ते मला कळेना. कळलं तेव्हा सगळ्यांत शेवटी मलाच कळलं, ही आणखी लाज. एका मॅचला मी ओरडून ओरडून घसा बसवून घेत होतो, तेव्हा मागून शेंगदाणेवाला शांतपणे म्हणाला, "सर, उगा कशाला वरडता? आता धाकलू टाकंल, मंग कमळू." आणि तसंच झालं! समोरच्या टीमला ठाऊक, प्रेक्षकांना ठाऊक, प्रेक्षक तर आधीच एका सुरात नाव घ्यायचे, आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्याभोवती समोरचे तिघं जण कडं करून उभे. बाकीची आमची पोरं मोकळी. जगन तर रिंगच्या खाली, हातात बॉल, आसपास चिटपाखरू नाही, नुसता हात वर केला तरी बास्केट. तो काय करतो? वळतो, आणि तिकडे अर्ध्या रेषेवर तिघांच्या कोंडाळ्यात सापडलेल्या भगीरथला शोधून बॉल देतो.

मी विचारलं, का रे बाबा? तर अगदी समजूतदारपणे म्हणाला, "सर, पाळी भगीरथची व्हती. आमी दुसऱ्याची पाळी कशी खायाची?"

त्यांच्या पाड्यावर गुरं राखायची पाळी असते. आज या घराची, उद्या पुढच्या. ओढ्याकडून सुरुवात करायची आणि वरच्या घरापर्यंत जायचं. पोरांनी बॉलही तसाच वाटून घेतला होता. ओढ्याकडून पहिलं घर भगीरथचं, मग जगनचं, धाकलूचं, कमळूचं आणि सगळ्यांत वरचं रामूचं. ज्याची पाळी त्यानेच बास्केट टाकायचं. आता हा रामू चांगला मुलगा आहे, वर्गात पहिल्या बाकावर बसतो, पण त्याने मारलेला बॉल आजवर एकदाही रिंगला शिवलेला नाही. त्याची पाळी आली की समोरची पोरं पाणी पिऊन घेतात. मी म्हटलं, निदान रामूला वगळा. पाचही चेहरे असे उतरले, जणू मी एखाद्याच्या घरचं पाणी तोडायला सांगितलं होतं.

मग तुझे सल्ले. जानेवारीत तू फोनवर तासभर डावपेच शिकवलेस (तू जिल्ह्याकडून खेळायचास हे मला दर दिवाळीला कळतं, त्यामुळे मी विश्वासाने लिहून घेतलं). पहिला डाव स्क्रीनचा. आपल्या खेळाडूची वाट मोकळी व्हावी म्हणून दुसऱ्याने समोरच्याच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. कमळू उभा राहिला, मस्त उभा राहिला. समोरचा धावत आला आणि हा चटकन बाजूला झाला! वर हाताने "जा" अशी खूण. का, तर कुणी घाईत असलं की त्याची वाट अडवू नये. दुसरा डाव, एकीकडे बघायचं आणि पास दुसरीकडे द्यायचा. धाकलूने जगनकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बॉल जगनलाच दिला. म्हणे एवढं बघितल्यावर नाही दिला तर त्याला वाईट वाटलं असतं. दादा, तुझ्या जिल्ह्याच्या टीममध्ये सगळे उर्मट होते का रे? मला खरंच माहिती हवी आहे.

या सगळ्यात आई. आपलं क्वार्टर मैदानाला लागून, मधे फक्त कुंपण. ती रोज संध्याकाळी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन येते आणि बरोबर रेषेच्या आत मांडते. आत बसू नकोस म्हटलं तर म्हणते, "रेष तू आखलीस, सावली देवाने." एकदा बॉल तिच्या चहात पडला. तिने तो खुर्चीखाली घेतला आणि पोरांनी हात धुऊन नाचणीची भाकरी खाईपर्यंत परत दिला नाही. माझ्या सरावाची वीस मिनिटं भाकरीत गेली. मी शिटी वाजवली की तिचं कपाळ दुखतं, मी पोरांवर ओरडलो की ती माझ्यावर ओरडते, तेही माझं घरातलं नाव घेऊन. त्यामुळे आता कॉलेजात द्वितीय वर्ष कला शाखा मला पाठीमागून "बंड्यासर" म्हणते. पाच पोरांच्या आयांची नावं, कुणाकडे किती गुरं, कुणाची आजी खोकते, सगळं तिला ठाऊक. माझ्या वेतनश्रेणीबद्दल तिने आजवर एकदाही विचारलेलं नाही.

तर परवाची सेमीफायनल (चषकात चारच कॉलेजं, त्यामुळे पहिलीच मॅच सेमीफायनल; आजवर हरलो त्या सगळ्या मैत्रीच्या). शहापूरच्या अंगाला, घरच्या मैदानावर खेळणारी तगडी टीम. टेम्पोत पुढच्या सीटवर आई (मी मागे, बॉलच्या जाळीवर). शेणव्याच्या अलीकडे टेम्पो पंक्चर. चाक बदलायला चार मिनिटं लागली असती, पण पाना फिरवायचीही पाळी लागली, ओढ्याकडून सुरुवात करून. रामूने फिरवलेला नट पुन्हा ड्रायव्हरला फिरवावा लागला. आम्ही पोचलो तेव्हा शिटी वाजायच्या बेतात होती आणि प्रेक्षक आधीपासूनच सुरात म्हणत होते, "भ-गी-रथ!"

हाफटाइमला आम्ही इतके मागे होतो की गुण लिहिणारा मुलगा आमच्या बाजूला बघतसुद्धा नव्हता. मी पोरांना जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, की तुमच्या पाळीपायी खांब उपटले जाणार, तिथे माझी स्कूटर लागणार, मग बसा तिच्यावर आळीपाळीने! पोरं खाली मान घालून उभी. रामूच्या डोळ्यांत पाणी. मला माझाच राग आला, आणि राग आला की मी आणखी ओरडतो हे तुला ठाऊक आहे. तेवढ्यात आई खुर्चीतून म्हणाली, "बंड्या, गप. जगन, इकडे ये रे. तुमच्यात कुणाच्या घरी लग्न निघालं तर त्या दिवशी गुरं कोण राखतं?"

"दुसऱ्याला सांगायचं, आजी. तो आपली पाळी घेतो, मंग आपन त्याची भरायची."

"मग तो चोर होतो का?"

"नाय नाय. कारन असलं तर चालतं."

"तर मग समजा, आज तुमच्या पाचही घरी लग्न आहे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं हसतील. हसली नाहीत, गंभीरपणे माना हलवल्या आणि मैदानात गेली.

पुढचं मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. भगीरथला तिघांनी घेरलं, त्याने जोरात आरोळी दिली, "माझे घरी लगीन हाय! जगन, माझी पाळी तू घे!" आणि जगनने, रिंगखाली एकटाच होता, बास्केट टाकलं. मग जगनची पाळी, तर "माझे घरी हळद हाय, धाकलू!" धाकलूकडे बारसं निघालं. कमळूची म्हैस व्याली. समोरची पोरं ज्याचं नाव निघेल त्याच्याकडे धावत, तोवर त्याच्या घरी काहीतरी झालेलं असे. प्रेक्षकांचा सूर फाटला. धाकलूने "आजी लय सिरियस हाय!" म्हटल्यावर पंचांनी खेळ थांबवून त्याला घरी जायचं आहे का विचारलं. त्यांचे कोच माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, हा कुठला डाव?" मी म्हटलं, "युरोपियन." शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही सात गुणांनी पुढे होतो. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा गृहस्थ शर्ट बाहेर आलेल्या अवस्थेत नाचत होतो.

आणि तिथे या कार्ट्यांना आठवलं की रामूच्या पाळ्या भरायच्या राहिल्यात! त्याच्या घरी दर वेळी लग्न निघालं होतं, म्हणजे आपली पाळी आली की त्याने ती दुसऱ्याला देऊन टाकली होती. घरी जाण्याआधी त्या फेडायला नकोत? बॉल रामूला. चुकला. पुन्हा रामूला. चुकला. समोरचे प्रत्येक वेळी बॉल घेऊन पळत आणि गुण करून येत. मी गुडघ्यांवर बसून ओरडत होतो, "उधारी नंतर! उधारी नंतर!" तिसऱ्या खेपेला रामूचा बॉल रिंगला लागला, आयुष्यात पहिल्यांदा. आमची पोरं बास्केट झाल्यासारखी नाचायला लागली, आई उठून टाळ्या वाजवायला लागली, आणि या आनंदात समोरच्यांनी आणखी एक टाकलं. शिटी वाजली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो.

खांब राहिले, दादा. प्राचार्यांनी काल स्वतः येऊन वाकडी रिंग सरळ करून घेतली. फायनल पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी, आमच्याच मैदानावर. रामूची एक पाळी अजून बाकी आहे. ती फायनलला सगळ्यांत आधी भरायची, असं पोरांनी परस्पर ठरवलं आहे. माझं डोकं कामातून गेलं आहे. गुडघ्याला शेक घे.

तुझा,
बंडू

ता. क. : नेहाचे जुने खेळाचे बूट असतील तर पाठव, रामूला होतील. त्याचा तळवा रस्त्याला लागतो.

ता. क. दुसरा : खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आई माझ्याकडे आणि पाडव्यापासून तुझ्याकडे, हे आपण बाबा गेल्यावर ठरवलं आणि सहा वर्षं दोघांनी इमानाने पाळलं. दर पाडव्याला तू गाडी घेऊन येतोस, मी बॅग उतरवून देतो, आणि खरं सांगायचं तर रात्री टीव्हीचा आवाज हवा तेवढा ठेवता येतो म्हणून मला बरंही वाटतं. यंदा नाही वाटत. वर तिच्याबद्दल जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण रेषेच्या आत ती खुर्ची नसली तर मला त्या मैदानावर उभं राहवणार नाही. तुझी पाळी खायची नाही, अदलाबदल करू. हे सहा महिने मला दे, दसऱ्यापासून पूर्ण वर्ष तुला. कारण विचारशील तर माझ्या घरी लग्न आहे असं समज. आईला यातलं काही बोलू नकोस.

ता. क. तिसरा : पाकिटाला डिंक लावताना आईने पत्र हातातून घेतलं. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चहाच्या जागी थोडी हसली. मग म्हणाली, "गुरांची पाळी लावताना गुरांना कुणी विचारत नाही. म्हणून सहा वर्षं मीही काही बोलले नाही." दादा, याला उत्तर तुला सुचलं तर कळव. थोड्या वेळाने तिने पाडव्यासाठी भरून ठेवलेली बॅग उघडली, लुगडी परत फडताळात रचली आणि मला लिहायला सांगितलं, की दादाला म्हणावं पाडव्याला जरूर ये, पण न्यायला नको, रविवारची मॅच बघायला ये, बूट विसरू नकोस. मी विचारलं, मग त्यानंतर कुणाकडे? तिने रिकामी बॅग माझ्या हातात दिली, माळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ते ठरवायची पाळी आता माझी."