गुणाबाईच्या धवल्यांचे आलेख

४ जून २००४
आजपासून रोजनिशी. फिजिक्सच्या माणसाने नोंदी ठेवायलाच हव्यात. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षं. कॉलेजात नाथन आपटेकर या माझ्या नावावर अजून एकही पेपर नाही. स्टाफरूममध्ये मराठीचे अवधूत सर म्हणाले, कला आणि विज्ञान एकमेकांना फक्त लग्नात भेटतात, तेही पंगतीत. सगळे हसले. मी सिद्ध करून दाखवणार की कला म्हणजे शेवटी मोजमापच. ऑक्टोबरात मुंबईत याच विषयावर चर्चासत्र आहे.

विषयसुद्धा घरबसल्या मिळाला. ओवे गावची गुणाबाई पंधरा वर्षं आमच्या दारावर भाजी आणते. ती आगऱ्यांच्या लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, गाते, हे बायकोला, म्हणजे मझलला, माहीत होतं. मला आज कळलं.

११ जून
गुणाबाई नवं लुगडं नेसून लॅबमध्ये आली. माइकला आधी नमस्कार. मग हळदीचा धवला गायली. वारंवारता, तीव्रता, कालावधी, सगळं कॉम्प्युटरवर. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. नंतर तिने विचारलं, कसा वाटला. म्हटलं, आलेख उत्तम आलाय. ती म्हणाली, "त्यो नाय मास्तर, धवला."
शास्त्रीय दृष्टी नसली की असं होतं.

२ जुलै
अकरा धवले झाले. अवधूत सर लॅबच्या दारात उभे राहून डोळे पुसत होते. धूळ असावी. शिपायाला झाडून घ्यायला सांगितलं.

२३ जुलै
कॉम्प्युटर म्हणतो, जागा संपली. मझल म्हणाली, घरचा टेपरेकॉर्डर न्या, कॅसेटवर उतरवा. कॅसेट हे करमणुकीचं साधन. शिवाय आकडे काढून घेतल्यावर आवाज म्हणजे उसाचं चिपाड. एकवीस गाणी पुसून टाकली. कॉम्प्युटर आता मस्त पळतोय.

१३ ऑगस्ट
अठ्ठाविसावा धवला मध्येच थांबला. गुणाबाईचा घसा दोन महिने बसलाय म्हणे. जुलैपासून आलेखात खरखर वाढलेली मला दिसत होतीच. माइक बिघडला समजून मी नवा आणला होता.
आकडे पुरेसे आहेत. उरलेली सात गाणीही पुसली.

७ सप्टेंबर
मझल गुणाबाईला घेऊन हॉस्पिटलात गेली होती. स्वरयंत्रात गाठ. ऑपरेशन करावं लागणार, आवाज जाणार. मझल जेवली नाही. तिला धीर दिला, की डेटा पूर्ण आहे.

१० सप्टेंबर
मझल तीन दिवस बोलत नाहीये. दुसरं काही कारण असेल.

१६ ऑक्टोबर
चर्चासत्र. माझा पेपर जेवणानंतर ठेवला होता. श्रोते सात, जागे चार. अठ्ठावीस आलेख दाखवले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, फार छान, आता एखादं ऐकवा. म्हटलं, त्याची गरज नाही. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.

२९ नोव्हेंबर
गुणाबाईची नात प्रांजल घरी आली. पुढच्या आठवड्यात तिची हळद. म्हणाली, "सर, आजीचा आवाज तुमच्याकडं हाय ना? आजीनंच खुणेनं सांगितलंय, मास्तरांकडून आण म्हणून."
मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

३० नोव्हेंबर
कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला लॅबमध्ये नेलं. पुसलेलं परत येतं असं वाचलं होतं. तो म्हणाला, त्या जागेवर मुलांची प्रॅक्टिकलं, सहामाहीचे मार्क, काय काय बसलंय. मी म्हटलं, मार्क काढा. तो म्हणाला, काढले तरी खाली काही नाही.
तरी दोन तास बसवून ठेवला.

१ डिसेंबर
आकडे आहेत म्हणजे आवाज परत बनवता येईल. साधं गणित. लॅबचा कॉम्प्युटर घरी आणला, सुट्टी टाकून दिवसभर बसलो. संध्याकाळी स्पीकरमधून आवाज आला. मझल विचारायला आली, की कशाचा अलार्म वाजतोय.

२ डिसेंबर
शेवटचा उपाय. चाल मी स्वतः गाऊन देणार. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस धवले समोर बसून ऐकलेला मी एकटाच. दार लावून तोंड उघडलं.
एकही ओळ आठवत नाही. चाल नाही, शब्द नाही. नुसती हिरवी रेघ वरखाली होताना दिसते.
मझलने भाजी घेता घेता ऐकलेल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. पुढचं तिला येत नाही. अवधूत सरांना फोन केला, शब्द टिपून ठेवलेत का. ते म्हणाले, तुमच्याकडे सगळं आहे म्हणून मी लिहिलं नाही. फोन कुणी आधी ठेवला ते लक्षात नाही.

५ डिसेंबर
ओव्याला जाऊन प्रांजलला खरं सांगितलं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आलेख नेले होते, बाइंडिंग करून. तिने दोन-तीन पानं उलटली, वही आडवी धरून बघितली. मग हळूच विचारलं, "सर, हे कुठून वाचायचं?"
गुणाबाई पडवीत बसली होती. तिला सगळं ऐकू आलं. ऐकू तर येतंच.

७ डिसेंबर
हळद. न जाण्याची चार कारणं कागदावर लिहिली होती, मझलने कागद फाडला. मंडपात डीजे. हळद लावायच्या वेळी प्रांजलने तो बंद करायला लावला.
गुणाबाई पाटावर बसली. गळ्यावर पांढरा रुमाल. तिने धवला सुरू केला, म्हणजे ओठ हलवायला लागली. बायका गोळा झाल्या. काहीजणींनी साथ द्यायचा प्रयत्न केला, पण पुढचे शब्द तिलाच ठाऊक. एकेक करून सगळ्या थांबल्या. ती मात्र एकही कडवं न गाळता गात राहिली.
मी अगदी समोर होतो. कुठला धवला ते ओळखता आलं नाही. काय करावं सुचेना म्हणून घड्याळ लावलं.
कालावधी चार मिनिटं दहा सेकंद. तीव्रता शून्य.